हायमास्टखालचा चिन्नोर

आमच्या गावातल्या हायमास्टच्या उजेडाची मला किळस येते. राग येतो, चीड येते, असं म्हणून पाहिलं, पण खरा शब्द किळस हाच. तो नवा लागला त्या आश्विनातलं, दिवेलागणीनंतरचं आमचं अंगण डोळ्यांपुढे आणा म्हणजे कळेल. हिरवे, पिवळे, तपकिरी किडे वरून नुसते सांडत असतात. वरणात पडतात, मानेवरून पोलक्यात शिरतात, झोपलेल्या लेकराच्या कानात जातात. सकाळी झाडू मारला की सूपभर निघतात, आणि त्यांचा तो कुबट वास दुपारपर्यंत नाकातून हलत नाही. किड्यांमागे बेडूक येतात, बेडूक मोटरसायकलींखाली येतात, आणि त्या सगळ्या राड्यावरून चपला घालून लोक पानठेल्यावर विकासाच्या गप्पा मारायला जातात.

आमचं गाव दिघोरीच्या पुढे, आत. गावाला तलाव, तलावाची पाळ, पाळीखाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं. अंधाराचं मला फार कौतुक आहे असं समजू नका. बोरिंगकडे जाणाऱ्या बोळीत अंधारात मी दोनदा घसरले आहे, आणि एकदा पायाखालून काय गेलं ते न बघताच घरी पळाले आहे. त्या बोळीत एक बल्ब लावा म्हणून आम्ही बाया किती दिवस मागत होतो. पोळ्याच्या आधी एकदा ट्रकमधून भला थोरला खांब आला, तेव्हा आम्हाला वाटलं, ऐकलं वाटतं देवानं. खांब उभा राहिला तो थेट तलावाच्या पाळीवर. लाखनीला हायवेवर ट्रकांसाठी असतो तसा, वर गोल कडं आणि कड्याला चारी बाजूंनी दिवे. बोळ होती तशीच काळी राहिली. पाळीवर काहून, असं विचारलं तर सरपंचबाईंचे यजमान म्हणाले, तिथून नावाची पाटी रस्त्यावरूनही दिसते. माणूस निदान खरं बोलला.

पाळीखालची पहिली बांधी आमची, म्हणजे माझ्या जाऊबाईंची. थोरले दीर गेल्यावर वाटणीत तेवढीच त्यांनी मागून घेतली. त्यांना मूलबाळ नाही. आमचं अंगण एक, चुली दोन, आणि माझी दोन्ही मुलं त्यांच्याच चुलीवर जेवून मोठी झाली. त्या बांधीत त्या चिन्नोर लावायच्या. चिन्नोर म्हणजे आमच्याकडचा जुना सुवासिक धान, उशिरा येणारा. एका घरी शिजला तर शेजारी विचारतात, आज कोण पाहुणे आले. आता सगळे लवकर येणारे, जास्त पिकणारे धान लावतात, पण सणाच्या खिरीसाठी बांधीचा एक कोपरा चिन्नोरचा असावा असं अजूनही प्रत्येकीला वाटतं. त्या कोपऱ्याचं बियाणं जाऊबाईंकडून जायचं. सासूबाईंनी मरताना बियाण्याचं मडकं त्यांच्या हवाली केलं होतं. दर वर्षी त्या चांगल्या लोंब्या निवडून वेगळ्या काढत, आणि मृगाच्या आधी गावातल्या बाया पदर पसरून येत. हे बियाणं मापानं द्यायचं नाही, हातानं द्यायचं, ओंजळ भरून पदरात, असा रिवाज. एरवी हळदीकुंकवाला, ओटीभरणाला त्यांना कोणी बोलवत नसे. बियाण्याच्या दिवशी मात्र त्यांच्या दारात रांग लागे. त्या दिवशी त्या धुतलेलं लुगडं नेसत. मला ते दिसायचं आणि बरं वाटायचं.

खांब आला त्या वर्षीचं सांगते. दसरा झाला, गावातला हलका, लवकर येणारा धान कापणीला आला, उशिराचा भारी धानही निसवला, म्हणजे पोटातून लोंब बाहेर पडली. चिन्नोर सगळ्यात शेवटी निसवतो, म्हणून आधी आम्ही काही मनावर घेतलं नाही. दिवाळी आली. बांधी हिरवीगार उभी, कमरेएवढी, पाहून डोळे निवावेत अशी. पण लोंब नाही. बाकीच्या बायांचे चिन्नोरचे कोपरेही पाळीखालीच, तेही तसेच हिरवे. जाऊबाई रोज जाऊन कडेचं एखादं ताट बोटांनी सोलून पाहत. पोटात काहीच नसे. नुसता पाला.

गावाला जीभ असते आणि तिला हाड नसतं. बोरिंगवर सरपंचबाई होत्या. त्या आमच्या शेजारीण, भिंतीला भिंत लागून घर. घागर भरता भरता माझ्यासमोरच म्हणाल्या, "बियाणं देणाऱ्याचा हात बी पाहा लागते वं. वांझेच्या हातचा धान कधीतरी वांझ होणारच होता."

बाकीच्या हसल्या नाहीत, पण आपापल्या घागरी भरत राहिल्या. त्याच बायांनी इतकी वर्षं त्याच हातून बियाणं नेऊन खिरी खाल्ल्या होत्या. मी घागर तशीच ठेवून घरी आले. जाऊबाईंना सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण सांगायची गरजच पडली नाही. अशा गोष्टी ज्याच्याबद्दल असतात त्याच्या घरी आधी पोचतात. त्या चुलीपुढे बसल्या होत्या आणि आपले तळहात उलटेसुलटे करून पाहत होत्या.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी मी पाळीवरून येत होते. ऊन तिरपं होतं. सहज खाली पाहिलं तर हिरव्या बांधीच्या मधोमध पिवळा पट्टा. आधी वाटलं, रोग पडला. नीट पाहिलं तर तो पिकलेला धान होता, भरल्या लोंब्यांनी वाकलेला. पट्टा बांधावरच्या मोहाच्या झाडापासून सुरू होत होता, आधी अरुंद, पुढे पसरट, आणि एका बाजूनं अर्धवट खाल्ल्यासारखा. मोहाची एक फांदी मागच्या वादळात मोडली आहे, त्याच बाजूनं. मी मागे वळून पाहिलं. मी, मोह आणि तो पिवळा पट्टा एका रेषेत होतो, आणि माझ्या पाठीशी हायमास्टचा खांब होता.

झाडाची सावली पिकली होती. रोज रात्री जिथे मोहाच्या आडोशानं अंधार राहत होता, तेवढाच धान निसवला होता. बाकीच्याला रात्र झाल्याचं कळलंच नव्हतं. हा धान रात्री लांबायला लागल्या की निसवतो, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. कितीही उशिरा लावला तरी आपल्याच वेळेवर येतो म्हणून त्याला वेळेचा पक्का म्हणतात. पण आपणच त्याची रात्र पळवली, हे कोणाच्या डोक्यात येईना, आणि खरं सांगायचं तर सावली दिसेपर्यंत माझ्याही आलं नव्हतं. माझ्या यजमानांनी कृषी सहायकाला फोन केला. तो म्हणाला, होय, उजेडानं असं होतं, दिव्याखालच्या धानाचं असं पुष्कळ ठिकाणी पाहिलंय.

मी ही गोष्ट गावभर सांगितली. जाऊबाईंचा हात वांझ नाही, दिवा वाईट आहे, हे मला प्रत्येकाच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. बोरिंगवर सांगितलं, दळणाच्या गिरणीत सांगितलं, अड्याळच्या बाजारात भेटलेल्या पाहुण्यांनाही सांगितलं. लोक बांधीपर्यंत आले, पट्टा पाहिला, मोहाकडे पाहिलं, आणि सगळ्यांनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोहाच्या बुंध्याला शेंदूर फासलेला होता.

मी त्यांना सांगितलं होतं की झाडानं उजेड अडवला म्हणून धान पिकला. त्यांनी त्यातलं झाड घेतलं आणि उजेड सोडून दिला. वांझेच्या बांधीतसुद्धा धान पिकवणारा मोह, मग त्यात देव असलाच पाहिजे. आठवड्यात लाल फडकी आली, नारळ आले, फुटक्या नारळांचं पाणी आंबून माशा आल्या. आणि लोक प्रसाद म्हणून पट्ट्यातल्या लोंब्या तोडून नेऊ लागले. तो पट्टा म्हणजे जाऊबाईंचं पुढच्या वर्षाचं बियाणं होतं, गावात शिल्लक असलेलं सगळं. त्या वर्षी मडकं रिकामं होतं, कारण जुनं बियाणं त्या कधी मागे ठेवत नसत. मी काठी घेऊन बांधावर बसले. मी जेवायला उठले की लोक येत. हात जोडून येत, चपला काढून येत, आणि लोंब तोडून डोळ्यांना लावत. चोराला चोर तरी म्हणता येतं, या भक्तांना काय म्हणायचं? कापणीला गेलो तेव्हा पट्ट्यात नुसती ताटं उभी होती.

घरी येऊन जाऊबाईंनी रिकामं मडकं पालथं घातलं.

प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत मी उठले. आयुष्यात पहिल्यांदा माणसांसमोर बोलत होते. "दिव्याले टोपी घाला," मी म्हणाले. "उजेड खाली पडला पाहिजे, तलावात अन् आभाळात नाही. जेवणं झाले का बंद करा. अन् पोळ्यापासून दिवाळीपर्यंत, धान निसवेपर्यंत, पाळीवरचा दिवा लावूच नका. तिथं कोणी राहत नाही. बोळीत बल्ब लावा, तिथं बाया जातात."

सरपंचबाई खुर्चीवर बसल्या होत्या, पण बोलायचं काम नेहमीप्रमाणे त्यांच्या यजमानांचं. ते म्हणाले, "दिव्याले टोपी? मंग त्याले चष्मा बी लावून देऊ."

सगळी सभा हसली. मागून कोणीतरी म्हणालं, "दुनिया उजेड मागून राहिली, अन् हे बाई अंधार मागते."

मी खाली बसले. त्यानंतर ठराव झाला तो असा की मोहाच्या देवस्थानाला रोषणाई करावी. महाशिवरात्रीपर्यंत झाडावर रंगीत माळा लागल्या आणि बुंध्याशी वर तोंड करून एक मोठा फोकस. म्हणजे आता सावलीसुद्धा राहिली नाही. त्या दिवशी संध्याकाळी मी पाळीवर उभी राहून तो हिरवा-निळा-गुलाबी मोह पाहिला आणि मला खरोखर ओकारी आली. घुबडाची एक जोडी त्या झाडात राहायची, ती कुठे गेली कोणी विचारलं नाही.

उन्हाळ्यात, अक्षय्य तृतीयेच्या आधी, जाऊबाईंनी एक सुपडी घेतली आणि मला म्हणाल्या, "चाल. माह्या लोंब्या मागून आणू."

"कोणाच्या घरून?"

"ज्याच्या घरी असंल त्याच्या घरून."

आम्ही दारोदार गेलो. मला शरमेनं मेल्यासारखं होत होतं, त्यांना नाही. दारात उभ्या राहून त्या सरळ म्हणत, "आमच्या बांधीतली लोंब तुमच्या घरी आहे. बियाण्याले पाहिजे." लोक गडबडत. कोणी देव्हाऱ्यातून काढून देई, कोणी तिजोरीतून, कोणी पाकिटातून घडी पडलेली. एका घरी लोंब तेलाच्या समईत पडून पार कुजली होती, दुसऱ्या घरी कुंकवानं माखलेली. कोणी दोन असताना एकच दिली आणि दुसरीवर हात ठेवून उभं राहिलं. जाऊबाई प्रत्येक लोंब नखानं टोकरून पाहत, चांगली असेल तर सुपडीत ठेवत आणि पुढच्या घरी जात.

सरपंचबाईंचं घर शेवटी. त्यांनी "आमच्याकडं नाही बाप्पा" म्हणून सांगितलं. पण दार उघडं होतं, आणि आत मुलाच्या खोलीच्या चौकटीवर लाल फडक्यात बांधलेला चिन्नोरचा चांगला जुडगा लटकत होता, सगळ्या गावात सगळ्यात मोठा. खाली त्यांची सून उभी होती. तिनं पदर पोटावर ओढून घेतला.

सरपंचबाई मध्ये आल्या. "थे नका काढू, वहिनी. सुनेले दिवस आहेत. तीन वर्षं झाले होते, राहतच नव्हते. त्या लोंब्या बांधल्या अन् राहिले."

ज्या बाईनं बोरिंगवर वांझेचा धान म्हटलं, तिनं त्याच बांधीतला धान लेकरासाठी सुनेच्या डोक्यावर टांगला होता. माझ्या तोंडात कडू आलं. मी बोलायला तोंड उघडलं, तर जाऊबाईंनी माझं मनगट दाबलं. त्या चौकटीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा मऊ झाला, तेही मला आवडलं नाही.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "मले लोंब नको. मले पाळीवरचा दिवा बंद पाहिजे. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत. अन् झाडाच्या माळा उतरव."

"माणसाले विचारा लागंल."

"मंग विचार. नाही म्हणला तं लोंब काढून दे."

महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत सरपंचबाई स्वतः बोलल्या. यजमान मध्येच काही म्हणू लागले, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पाळीवरच्या दिव्यांना टोपी घालायची, जेवणवेळेनंतर बंद करायचे, पोळ्यापासून दिवाळीपर्यंत लावायचेच नाहीत, माळा उतरवायच्या, बोळीत दोन बल्ब लावायचे. कारण काय, तर किडे फार होतात. कोणी चष्म्याचा विनोद केला नाही. शेजारच्या गावात असे नियम ऐकून लोक आम्हाला शहाणे म्हणतात. मी काही सांगत नाही. आमचा नियम कशाच्या धाकावर झाला ते मला माहीत आहे, आणि तो आठवला की त्या नियमाचीही थोडी शिसारी येते.

पण नियम पाळला गेला. नवरात्रात शारदेच्या मंडपाची पोरं हायमास्ट लावा म्हणून भांडायला आली, तर सरपंचबाई बटणाच्या पेटीपुढे उभ्या राहिल्या. सुनेचे दिवस भरत आले होते. जाऊबाईंनी दारोदार जमवलेल्या बियाण्यात बांधीचा जेमतेम कोपरा लागला होता. दिवाळीच्या आधी एकदा दिवस बुडताना त्या मला ओढत बांधीवर घेऊन गेल्या. धान निसवला होता. सगळा कोपरा, सावलीतला आणि सावलीबाहेरचा, सारखा. फुलोऱ्याचा वास येत होता. जाऊबाई रडल्या, मीही रडले. परतताना पाळीवर आलो तोवर अंधार पडला होता, आणि तलावावर इतक्या चांदण्या होत्या की मी विसरूनच गेले होते आपल्याकडे इतक्या असतात. फार वेळ पाहिलं नाही. पायाखाली बघून चालावं लागतं.

त्या दिवाळीनंतर सरपंचबाईंना नातू झाला. बारशाला मला बोलावणं होतं, जाऊबाईंना नव्हतं. मी गेले नाही.

मृगाच्या आधी सरपंचबाई आमच्या दारात आल्या. वर्षभरात बियाण्यासाठी आलेल्या त्या पहिल्याच. ओसरीवर मी एकटी होते. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि आवाज बारीक केला. "चिन्नोरचं बियाणं पाहिजे होतं. पण ओंजळ तुम्हीच घाला ना. तुमचा लेकुरवाळा हात. घरात लहान पोट्टं आहे, काहून उगाच..."

मला त्यांच्याकडे पाहवेना. एवढं सगळं होऊन, चौकटीवर त्या लोंब्या टांगून, नातू मांडीवर घेऊन, ही बाई अजून तिथंच उभी होती. मी दोन्ही हात मागे घेतले आणि गच्च धरून ठेवले.

आत जाऊबाईंनी ऐकलं होतं. त्या मडकं घेऊन बाहेर आल्या, उंबऱ्यावर बसल्या, पदर खोचला आणि हात कोपरापर्यंत मडक्यात घातला. तळापासून वरपर्यंत धान ढवळला, पुन्हा पुन्हा, दाण्यांचा सळसळ आवाज होत राहिला. मग हात बाहेर काढून त्यांच्यापुढे धरला. कातडीला कुसळं चिकटली होती.

"आता दाण्यादाण्याले माहा हात लागला," त्या म्हणाल्या. "आता कोणाच्या हातानं पाहिजे थे सांग."

सरपंचबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हात मागेच ठेवले.

"अन् दिवा?" जाऊबाईंनी विचारलं.

"बंदच राहीन, वहिनी."

जाऊबाईंनी ओंजळ भरली. सरपंचबाईंनी खाली पाहत पदर पसरला.